परदेशी कामाच्या फेऱ्या: पास काढावा की कार्ड टेकवावं?

मकरपुरेकर (सोमवार, सकाळी ९:५०)

मंडळी, बडोद्यातले निम्मे लोक ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर नाहीतर पंपांच्या धंद्यात, म्हणून इथेच विचारतो. आमच्या कचेरीतून एका माणसाच्या वर्षाला सहा फेऱ्या ठरलेल्या असतात. तीन-चार जर्मनीत (न्यूर्नबर्ग, म्युनिक, क्वचित बर्लिन), एक लंडन, एक-दोन दुबई. प्रत्येक फेरी चार ते सात दिवसांची. विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते कारखाना, संध्याकाळी परत, एवढंच. म्युझियमं वगैरे बघायची नसतात, त्यामुळे टूरिस्ट पास सुचवू नका.

प्रश्न तीन. सुटी तिकिटं घ्यावीत की दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा पास? भारतीय कार्ड गेटवर टेकवलं की चालतं का? आणि हिशेबाला पावती कुठून आणायची? आमचे अकाउंटवाले काका टॅक्सीचं बिल डोळे मिटून पास करतात आणि मेट्रोच्या साडेतीन युरोला कागद मागतात.

माझं मत: सहाच फेऱ्या असतील तर पासाच्या भानगडीत पडू नये, कार्ड टेकवून मोकळं व्हावं.

दांडियाबाजार (सोमवार, सकाळी १०:२०)

लंडनपुरतं बरोबर, जर्मनीत साफ चूक. म्युनिक, न्यूर्नबर्ग, बर्लिन, कुठेही स्टेशनात गेट नाही. कार्ड टेकवणार कशावर? चढण्याआधी चालू तिकीट जवळ हवं, बस्स. तपासनीस बहुतेक वेळा साध्या कपड्यांत असतो आणि सापडलात तर दंड ६० युरो. पाहुणा आहे, नियम माहीत नव्हता, मशीन जर्मनमध्ये बोलत होतं, यातलं काही ऐकून घेत नाहीत.

कागदी तिकीट घेतलंत तर त्यावर शिक्का मारावा लागतो का ते बघा. म्युनिकमधलं पट्ट्यांचं तिकीट (श्ट्राइफेनकार्ट) शिक्का मारेपर्यंत नुसता कागद. बर्लिनमध्येही बरीच कागदी तिकिटं फलाटावरच्या लहान खोक्यात घालून शिक्का मारून घ्यावी लागतात. खिशात विकत घेतलेलं तिकीट असून दंड भरणारे परदेशी बहुतेक याच चुकीचे.

बर्लिनची दुसरी चूक म्हणजे झोन. शहर ए आणि बी झोनमध्ये, विमानतळ सी मध्ये. चार दिवस एबीचं तिकीट वापरून पाचव्या दिवशी त्याच सवयीने विमानतळाची गाडी पकडली की ६० युरो. एबीचा पास असेल तर सी साठी वेगळं जोडतिकीट मिळतं, ते घ्यायचं.

निझामपुऱ्याचे नाना (सोमवार, सकाळी १०:३१)

म्हणजे सेवउसळीसारखं. सेव वेगळी, तर्री वेगळी, पाव वेगळा. सगळं घेतल्याशिवाय पोट भरत नाही.

टर्नरेशो (सोमवार, सकाळी ११:०५)

नाना, तर्री फुकट असते.

मूळ पोस्टमध्ये फेऱ्यांची संख्या दिली आहे, पण तिकीट ठरवायला ती जवळपास निरुपयोगी. कामाची माहिती वेगळीच. उतरता कोणत्या वारी? फेरी महिनाअखेर ओलांडते का? विमानतळ शहराच्या झोनमध्ये येतो की बाहेर? दिवसाला खरोखर किती वेळा गाडीत बसता? ही चार उत्तरं मिळाली की पास स्वस्त की महाग ते दोन मिनिटांत कळतं. तिकिटाची किंमत शेवटी बघायची, आधी कॅलेंडर.

दांडियाबाजार (सोमवार, सकाळी ११:४०)

टर्नरेशो म्हणतात त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर चालणारं महिन्याचं तिकीट. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. देशभरातल्या बस, ट्राम, यू-बान (मेट्रो), एस-बान (उपनगरी गाडी) आणि आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या यात येतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत.

आता खोड्या. ते कॅलेंडरच्या महिन्याचं आहे, ३० दिवसांचं नाही. २८ मे ते ३ जून अशी फेरी असेल तर दोन महिने लागतात, म्हणजे १२६ युरो. शिवाय ते तिकीट नसून वर्गणी आहे, आपोआप पुढे चालू राहते. बंद करायची सूचना त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यावी लागते. ५ तारखेला उतरलात तर घेतल्या घेतल्या, हॉटेलच्या खोलीत बसून, रद्द करा. महिनाअखेरपर्यंत ते चालूच राहतं. १५ तारखेला घेतलंत तर बऱ्याच विक्रेत्यांकडे पुढचा महिनाही गळ्यात पडतो, म्हणून घेण्याआधी त्या विक्रेत्याचा रद्द करण्याचा नियम वाचा.

पैसे भरताना बहुतेक ठिकाणी युरोपातल्या बँकेचं सेपा खातं मागतात. काही शहरांच्या वाहतूक कंपन्यांची ॲप क्रेडिट कार्ड घेतात, ती शोधायची. तिकीट नावावर असतं, सोबत पासपोर्ट हवा, दुसऱ्याला देता येत नाही. फोनच्या ॲपमधलंच दाखवायचं. स्क्रीनशॉट काढून सहकाऱ्याला पाठवणाऱ्यांना ही सूचना विशेष.

खंडेराव_मार्केट (सोमवार, दुपारी १२:१५)

फोनची बॅटरी संपली तर?

दांडियाबाजार (सोमवार, दुपारी १२:२२)

तर तिकीट नाही असं धरून पावती फाडतात. पण नावावरचं तिकीट होतं हे आठवड्याच्या आत त्या वाहतूक कंपनीच्या काउंटरवर किंवा वेबसाइटवर दाखवलं तर ६० ऐवजी ७ युरोपर्यंतचं शुल्क लागतं. पावती फेकू नका, तिच्यावरचा क्रमांक लागतो. पॉवर बँक त्याहून स्वस्त.

टर्नरेशो (सोमवार, दुपारी १२:५०)

६३ युरो वसूल कधी होतात? म्युनिकचा विमानतळ शहरापासून लांब, एस१ किंवा एस८ ने मध्यवर्ती स्टेशनापर्यंत पाऊणएक तास. दरातही तो एम झोनच्या (खुद्द शहराच्या) बाहेर, पाचव्या झोनमध्ये. एकेरी तिकीट १३ युरोंच्या वर. जाऊन-येऊन २६ च्या पुढे गेलातच. त्यात चार-पाच दिवस कारखान्याची ये-जा, तीही कारखाना शहराबाहेर असेल तर, धरली की महिन्याचं तिकीट सहज वसूल.

न्यूर्नबर्गचं गणित उलट. तिथला विमानतळ शहराच्याच दरात, यू२ ने मुख्य स्टेशन १२-१३ मिनिटांवर. गाडीला चालक नसतो, पुढच्या काचेपाशी बसायला मिळतं, हा फायदा फुकट. शहरातच काम असेल तर ६३ युरो पाण्यात. दिवसाचं तिकीट पुरतं, आणि शनिवारी घेतलेलं रविवारीही चालतं.

दोन्ही गावं एकाच फेरीत असतील तर पुन्हा महिन्याच्या तिकिटाकडे. म्युनिक–न्यूर्नबर्ग आरई१ त्यात बसते. पावणेदोन तास घेते. आयसीई तासा-सव्वातासात नेते, पण तिचं तिकीट वेगळं. कंपनी माणसाचा तास कितीला धरते ते बघून ठरवा.

लेहरीपुरा (सोमवार, दुपारी १:३०)

बायर्न-टिकेट विसरलात, म्युनिक-न्यूर्नबर्ग ज्या बव्हेरिया राज्यात आहेत तिथलं दिवसाचं तिकीट. दोन-तीन जण एकत्र जात असतील तर बव्हेरियाभर प्रादेशिक गाड्यांसाठी तेच उत्तम. पहिल्या माणसाचा मूळ दर आणि पुढच्या प्रत्येकाचे थोडे जास्तीचे, असे पाच जणांपर्यंत.

दांडियाबाजार (सोमवार, दुपारी १:४८)

विसरलो नाही, मुद्दाम टाळलं. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच लागू होतं. कारखान्यातली चाचणी ८ ला सुरू होणार आणि तुम्ही ९ ची वाट बघत फलाटावर, असं कसं चालेल? परतीला किंवा शनिवार-रविवारी घ्या. पहाटे ३ पर्यंत चालतं. तिकिटावर नाव लिहायचं असतं, कोरं ठेवलंत तर तपासनीस ते धरत नाही.

सूरसागर_काठी (सोमवार, दुपारी ३:१०)

लंडनचं मी सांगतो. तिथे मकरपुरेकरांचं मत बरोबर आहे. २०१४ पासून ट्यूबमध्ये (तिथली मेट्रो) बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं आणि ऑयस्टर या तिथल्या भरणा करायच्या कार्डाच्याच दराने. आत जाताना टेकवा, बाहेर पडताना टेकवा. बसमध्ये फक्त चढताना. ट्यूबमधून बाहेर पडताना विसरलात तर पूर्ण प्रवासाचं कमाल भाडं कापतात. गेट उघडं असलं तरी टेकवायचं, हे विशेष.

दिवसाची मर्यादा असते. झोन १-२ मध्ये मार्च २०२५ च्या दराने ८.९० पौंड, त्यानंतर त्या दिवशी कितीही फिरा. दिवस पहाटे ४:३० ते दुसऱ्या दिवशी ४:२९. आठवड्याची मर्यादा ४४.७०, पण ती सोमवार ते रविवार. इथेच लोक फसतात. बुधवारी उतरून पुढच्या मंगळवारी निघालात आणि रोज मर्यादेपर्यंत फिरलात तर बुधवार ते रविवार ४४.५० (मर्यादेला २० पेन्स कमी, म्हणजे सवलत शून्य) आणि सोमवार-मंगळवार १७.८०. एकूण ६२.३०. त्याऐवजी ऑयस्टरवर सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड (पास) भरलं तर ते कोणत्याही वारी सुरू होतं आणि ४४.७० त संपतं. १७.६० पौंड वाचले.

टर्नरेशो (सोमवार, दुपारी ३:३५)

गणित बरोबर, गृहीतक चूक. कामावर आलेला माणूस रोज मर्यादेपर्यंत फिरतच नाही. हॉटेल आणि ऑफिस दोन्ही झोन १ मध्ये असतील तर २०२५ च्या दराने गर्दीच्या वेळी एक फेरी २.९०. दोन फेऱ्या ५.८०. सात दिवस ४०.६०. ट्रॅव्हलकार्ड घेऊन ४.१० पौंड उलट जास्त गेले, वर ऑयस्टर कार्डाचं शुल्क वेगळं आणि ते परत मिळत नाही. दिवसातून तीन-चार ठिकाणी ग्राहकांना भेटणाऱ्या विक्रीच्या माणसाला तुमचा सल्ला द्या, कारखान्यात यंत्रांच्या तपासणीला आलेल्याला नको.

सूरसागर_काठी (सोमवार, दुपारी ३:४१)

मान्य. विक्रीवाला आणि तपासणीवाला वेगळे धरायला हवे होते.

हीथ्रोचं तेवढं सांगतो. पिकॅडिली लाइन झोन १ पर्यंत ५.८०, एलिझाबेथ लाइन १३.९० (दोन्ही २०२५ चे), हीथ्रो एक्सप्रेस त्याहून कितीतरी महाग आणि मर्यादेच्या हिशेबात येतच नाही. पिकॅडिलीला तासभर लागतो, एलिझाबेथ बरीच लवकर पोचवते. गॅटविकलाही कॉन्टॅक्टलेस चालतं, फक्त गॅटविक एक्सप्रेसऐवजी त्याच रुळांवरून जाणारी सदर्न किंवा टेम्सलिंकची साधी गाडी पकडा. बसला १.७५ (हाही २०२५ चा) आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, दुसरं भाडं नाही.

हिशेबचोपडी (सोमवार, दुपारी ४:२०)

भारतीय कार्डाबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं सुरू असतं. परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस, ही दोन वेगवेगळी बटणं बँकेच्या ॲपमध्ये स्वतः चालू करायची. एक चालू आणि एक बंद असलं की गेटवर लाल दिवा लागतो आणि मागे रांग. हे बडोद्यात बसूनच करा. परदेशात पोचल्यावर ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि ते सिम बहुधा विमानाच्या सीटखाली पडलेलं असतं.

व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठेवा, रुपेवर गेटपाशी विसंबू नका. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाचा ३.५ टक्के आकार असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४.१३ टक्के. लंडन दिवसभराचे प्रवास एकत्र करून एकदाच कापतं, त्यामुळे स्टेटमेंटवर रोज एकच ओळ येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कार्ड आणि फोन मिसळू नका. तेच कार्ड फोनमध्ये भरून सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी प्लास्टिक, तर यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी दिसतात. मर्यादा दोघांची वेगवेगळी मोजली जाते. आत फोनने आणि बाहेर कार्डाने, हे तर आणखी वाईट. दोन्ही प्रवास अर्धवट, दोन्हीवर कमाल भाडं.

निझामपुऱ्याचे नाना (सोमवार, दुपारी ४:२८)

यूपीआय चालत नाही का? खंडेराव मार्केटात कोथिंबीरवाल्याकडे चालतं.

हिशेबचोपडी (सोमवार, दुपारी ४:३३)

गेटवर नाही, नाना. गेट अर्ध्या सेकंदात उघडावं लागतं. क्यूआर शोधून, रक्कम टाकून, पिन घालेपर्यंत मागचे इंग्रज रांग सोडून तुमच्याकडे बघत बसतील.

अलकापुरी_ताई (सोमवार, सायंकाळी ६:०५)

प्रश्नात पॅरिस नाही, पण वारावर तिकीट कसं ठरतं ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं, म्हणून लिहिते. २०२५ चे दर: मेट्रोचं एक तिकीट २.५०, विमानतळाचं १३, आठवड्याचा पास (नाविगो) ३१.६० युरो. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार, आणि त्यात शार्ल द गॉल विमानतळाची आरईआर ही उपनगरी गाडीही येते.

सोमवारी उतरून शुक्रवारी निघणाऱ्याचे विमानतळाचेच २६ झाले. त्यात मेट्रोच्या तीन फेऱ्या केल्या की ३३.५०, पास वसूल. पहिल्या वेळी नाविगो देकूवेर्त या कार्डाचे ५ युरो जास्त, तेव्हा पाचव्या फेरीला वसूल. कार्ड जपून ठेवलं तर पुढच्या वेळी ते ५ लागत नाहीत, आणि वारंवार जाणाऱ्याला फायदा तिथेच आहे. मात्र गुरुवारी संध्याकाळी पोचून मंगळवारी निघणाऱ्याने याच्या नादी लागू नये, त्याचे दोन आठवडे मोडतात. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच विकतात. शुक्रवारी मशीन पुढच्या सोमवारचा देतं, आणि घाईत ते लक्षात येत नाही.

दोन युरोचं नाविगो ईझी वेगळं, त्यावर आठवड्याचा पास भरता येत नाही. मशीनपाशी दोन्हींची नावं नीट वाचा. २०२५ पासून मेट्रोला एक आणि बसला दुसरं अशी वेगळी तिकिटं आहेत, हेही ध्यानात ठेवा.

टर्नरेशो (सोमवार, सायंकाळी ६:४०)

उत्तम. आता न्यूयॉर्क त्याच्या शेजारी ठेवा. तिथे ओम्नी या कार्ड टेकवायच्या यंत्रणेत सात दिवस पहिल्यांदा टेकवल्यापासून मोजतात, वार कोणताही असो. सात दिवसांत १२ फेऱ्या झाल्या की पुढच्या फुकट. जानेवारी २०२६ पासून फेरी ३ डॉलर आणि मर्यादा ३५. पाच दिवस रोज दोन फेऱ्या म्हणजे १०, मर्यादेला हातही लागत नाही, पण पास काढायची कटकटही नाही. जेएफके विमानतळावरच्या एअरट्रेनचं भाडं वेगळं आहे आणि या १२ मध्ये मोजत नाहीत.

झुरिकमध्ये दिवसाचं तिकीट तारखेचं नसून २४ तासांचं, आणि किंमत दोन एकेरी तिकिटांएवढी. संध्याकाळी ५ ला घेतलं तर दुसऱ्या दिवशी ५ पर्यंत. संध्याकाळी पोचणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. म्युनिकमध्ये दिवसाचं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला संपतं. तिथे संध्याकाळी ५ ला ते घेणारा निम्मे पैसे फेकतो. "डे पास" हा एकच शब्द, पण दिवस गावोगाव वेगळ्या लांबीचा.

वाघोडिया_रोड (सोमवार, रात्री ८:१५)

दुबई. तिथे मेट्रो-बसला नोल कार्ड. चांदीचं (सिल्व्हर) घ्या, २५ दिरहमला मिळतं, त्यात १९ वापरायचे. पाच वर्षं चालतं. लाल कागदी तिकीट एकदाच जाणाऱ्यासाठी, दोन-तीनदा जाणाऱ्याने घेऊ नये. भाडं झोनवर: एकाच झोनमध्ये ३, शेजारच्या दुसऱ्या झोनमध्ये ५, दोनपेक्षा जास्त झोन ७.५ दिरहम. दिवसाचा पास २०. जेबेल अलीच्या फ्री झोनमध्ये काम आणि मुक्काम देरा-बुरदुबईकडे असेल तर जाणं-येणं १५. तिसरी लांब फेरी झाली तरच पास वसूल. बहुतेक वेळा होत नाही. सोनेरी (गोल्ड) डब्याचं भाडं दुप्पट, तो फलाटाच्या एका टोकाला असतो. सिल्व्हर कार्डावर तिथे चढलात किंवा बायका-मुलांच्या डब्यात चढलात तर १०० दिरहम दंड. डब्यात पाणी प्यायलात, चिवड्याची पुडी फोडली, तरी १००.

वेळ बघा. इतर दिवशी मेट्रो पहाटे ५ ला सुरू होते, रविवारी सकाळी ८ ला. अहमदाबादची बरीच विमानं रात्री-पहाटे पोचतात. रविवारी पहाटे उतरणाऱ्याने टॅक्सीच धरायची, आणि विमानतळावरच्या टॅक्सीचं मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं. सामान एक मोठं (८१×५८×३० सेंमी) आणि एक लहान (५५×३८×२०) एवढंच. नमुन्यांची लाकडी पेटी घेऊन मेट्रोत शिरू देत नाहीत.

अबुधाबीला बस २५ दिरहम, अल घुबैबाहून ई१०० आणि इब्न बतूताहून ई१०१. दुबईच्या या बसला नोल चालतं, पण अबुधाबीतल्या सिटी बसला हाफिलात हे वेगळं कार्ड.

मांडवी_चौक (सोमवार, रात्री ९:००)

जपानला जाणारे कोणी असतील तर जेआर पासचा (देशभरच्या रेल्वेचा पास) जुना सल्ला विसरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. तोक्यो–शिन-ओसाका नोझोमी या बुलेट ट्रेनचं राखीव तिकीट एकेरी पंधरा हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे जाऊन-येऊन तीस हजारांच्या आसपास. ५०,००० कशाला भरायचे?

शहरात सुइका किंवा पास्मो, ही भरणा करून टेकवायची कार्डं. वेलकम सुइका कार्ड २८ दिवसांनी बाद होतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. दर तीन महिन्यांनी जाणाऱ्याने ५०० येन अनामत भरून साधं सुइका घ्यावं, शेवटच्या वापरापासून दहा वर्षं चालतं. मशीनमध्ये भरणा रोख नोटांनी, म्हणून हजार येनच्या नोटा ठेवा. आयफोनमध्ये सुइका उघडता येतं, भारतातल्या अँड्रॉइड फोनमध्ये नाही. आणि तोकाइदो शिनकानसेनमध्ये (तोक्यो–ओसाका मार्गाची बुलेट ट्रेन) लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीच्या वरची बॅग असेल तर मागच्या बाजूच्या ठरावीक सीटा राखून ठेवाव्या लागतात, नाहीतर १,००० येन. मोजमापाची यंत्रं नेणाऱ्यांनी पेटीला आधी मोजपट्टी लावावी.

सिंगापूरला परदेशी बँकेचं कार्ड टेकवता येतं, पण वापराच्या दर दिवसाला ०.६० सिंगापूर डॉलर आकार कापतात. दोन दिवसांत ठीक. वारंवार जाणाऱ्याने ईझी-लिंक हे तिथलं भरणा करायचं कार्ड ठेवावं.

लेहरीपुरा (सोमवार, रात्री ९:२०)

नेदरलँड्सचं एक वाक्य. तिथे देशभर बँकेचं कार्ड टेकवून गाडी, ट्राम, बस सगळं होतं, पण एका कंपनीच्या गाडीतून उतरून त्याच स्टेशनात दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसायचं असेल तर पहिल्याच्या खांबावर चेक-आउट आणि दुसऱ्याच्या खांबावर चेक-इन करावं लागतं. खांब शेजारी शेजारी उभे असतात, रंग वेगळे. लोक एकावरच टेकवून पुढे जातात.

मकरपुरेकर (मंगळवार, सकाळी ९:१५)

बापरे. एका रात्रीत अर्धी पृथ्वी. एक उपप्रश्न: कंपनीने ही कार्डं विकत घेऊन कपाटात ठेवली आणि जाणाऱ्याला दिली तर चालेल का?

हिशेबचोपडी (मंगळवार, सकाळी ९:४०)

निनावी कार्डं चालतील: ऑयस्टर, सिल्व्हर नोल, साधं सुइका, ईझी-लिंक. एका वेळी एका कार्डावर एकच माणूस, दोघांनी मागे-पुढे एकच कार्ड टेकवायचं नाही. नावाची किंवा फोटोची कार्डं चालणार नाहीत: नाविगो देकूवेर्त, डॉइचलांडटिकेट.

कपाटात एक वही ठेवा. कार्डाचा शेवटचा चार आकडी क्रमांक, नेताना शिल्लक, आणताना शिल्लक, कोणी नेलं. खर्च म्हणून भरणा दाखवायचा नाही, दोन शिलकांमधला फरक अधिक मधला भरणा दाखवायचा. नाहीतर ५० दिरहम भरून १५ वापरलेला माणूस ५० मागतो आणि पुढचा माणूस त्याच ३५ वर फिरून पुन्हा भत्ता मागतो. भरण्याची पावती मशीन देतं, "पावती हवी का" या प्रश्नाला हो म्हणायचं.

लंडनला कार्ड टेकवायचं असेल तर वाहतूक खात्याच्या वेबसाइटवर खातं उघडून कार्ड नोंदवून ठेवा. प्रवासांची तारीखवार यादी तिथून उतरवता येते, काकांना तोच कागद. कमाल भाडं चुकून कापलं गेलं असेल तर परतावाही तिथूनच मागायचा. जर्मनीत ॲपमधून घेतलेल्या तिकिटाची पावती ईमेलने येते, त्यासाठी ईमेल कचेरीचा द्या. आणि काकांना सांगा, युरोपातल्या तिकिटावरचा व्हॅट इथे जीएसटी क्रेडिटमध्ये बसत नाही, शोधू नका.

मकरपुरेकर (मंगळवार, सकाळी १०:३०)

मग या वर्षाच्या फेऱ्या अशा मांडतो, तपासा. मार्चमध्ये न्यूर्नबर्ग, शहरातच, चार दिवस: दिवसाची तिकिटं. मेमध्ये म्युनिक आणि न्यूर्नबर्ग, २७ मे ते २ जून: डॉइचलांडटिकेट दोन महिन्यांचं. जुलैत लंडन, सोमवार ते शुक्रवार, हॉटेल झोन १: कार्ड टेकवायचं, हीथ्रोहून पिकॅडिली. सप्टेंबर आणि डिसेंबर दुबई: सिल्व्हर नोल, पास नाही. ऑक्टोबर ५ ते ११ म्युनिक: डॉइचलांडटिकेट, घेतल्या दिवशी रद्द.

दांडियाबाजार (मंगळवार, सकाळी १०:४४)

मेची फेरी सोडून सगळं ठीक. १२६ भरू नका. ग्राहकाला विचारून फेरी २० ते २६ मे करता येते का बघा, पण तेव्हा १० तारीख उलटून गेलेली असेल, म्हणून घेण्याआधी विक्रेत्याचा रद्द करण्याचा नियम वाचाच. तारीख हलत नसेल तर मे महिन्याचं डॉइचलांडटिकेट १० मेच्या आत बडोद्यातूनच घ्या, त्याच दिवशी रद्द करा, आणि १-२ जूनला सुटी तिकिटं घ्या. परतीचं विमानतळाचं तिकीट धरूनही ६३ पेक्षा कमीच होईल.

टर्नरेशो (मंगळवार, सकाळी १०:५२)

आणि १ जूनला सकाळी सवयीने तसेच चढू नका. ॲपमधलं मेचं तिकीट तोवर संपलेलं असतं.

निझामपुऱ्याचे नाना (मंगळवार, सकाळी ११:०५)

ताई, ते पॅरिसच्या कार्डाला फोटो कुठला लागतो? पासपोर्टचा चालेल?

अलकापुरी_ताई (मंगळवार, सकाळी ११:२०)

मोठा पडतो. २५ × ३० मिलिमीटर. इथूनच कापून न्या, कातर हातातल्या सामानात नको.